कुठल्या केंद्राचा १७ नंबर?

‘माझी फॅट शेजाऱ्याइतकीच लागली, मग मला दर कमी का?’ दूध संघाच्या बिल विभागात बसणाऱ्या माणसाला हा प्रश्न दर दहा दिवसांनी ऐकावा लागतो. महिन्यात तीन बिलं निघतात आणि प्रत्येक बिलानंतर कुणी ना कुणी दोन पावत्या घेऊन टेबलाशी येतंच. उत्तर सरळ आहे. गायीच्या दुधाचा दर एकट्या फॅटवर ठरत नाही. फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधात असलेले प्रथिनं, लॅक्टोज, खनिजं असे घन घटक, या दोघांच्या जोडीवर तो ठरतो. राज्यात गायीच्या दुधाचा भाव जाहीर होतो तोसुद्धा ‘३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ’ अशा जोडीसाठी. नुसती फॅट सांगून दर विचारला तर त्याला नक्की असं उत्तरच नसतं.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका संघात मी या विभागात बरीच वर्षं काढली. गावोगावच्या केंद्रांवरून येणारं संकलन, त्यावरचा दर, पशुखाद्याची कपात, दिवाळीचा दरफरक, बँकेला जाणारी यादी, सगळं एक्सेलच्या तक्त्यांत. एका तक्त्यातली माहिती दुसऱ्यात शोधून आणायची, हेच कामाचं मुख्य अंग. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. ज्याचं उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे, ते एकाच गोष्टीवर विचारलं तरी तक्ता गप्प बसत नाही. तो काहीतरी उत्तर देतो. ते उत्तर दिसायला अगदी बरोबर असतं आणि नुकसान होतं ते तिथेच.

मी रुजू झाले तेव्हा दरपत्रक छापील असायचं. डाव्या कडेला वरून खाली फॅट, वरच्या ओळीत डावीकडून उजवीकडे एसएनएफ. फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.०, दोन्ही ०.१च्या टप्प्याने घेतले तर एकवीस ओळी आणि सोळा रकाने, म्हणजे ३३६ दर एका कागदावर. विभागातले ज्येष्ठ कारकून, ज्यांना आम्ही सगळेच भाऊसाहेब म्हणायचो, ते डाव्या हाताचं बोट फॅटवर ठेवायचे, उजव्या हाताचं एसएनएफवर. डावं बोट आडवं सरकायचं, उजवं खाली उतरायचं आणि दोन्ही जिथे मिळतील तो आकडा वहीत जायचा. कुणी नुसती फॅट सांगितली की ते बोट जागेवर ठेवून थांबायचे. दुसरा आकडा आल्याशिवाय पुढे सरकायचे नाहीत.

हा दोन कडांचा दर आला कुठून, तेही त्यांनीच समजावलं होतं. नुसत्या फॅटवर पैसे दिले तर गायीच्या दुधावर अन्याय होतो, कारण त्याची फॅट म्हशीच्या दुधापेक्षा कमी असते आणि बाकीच्या घन घटकांचं मोल शून्य धरलं जातं. नुसत्या एसएनएफवर दिले तर भुकटी मिसळणाऱ्याचं फावतं. दोन्ही मोजले की दुधाची खरी प्रत कळते. माझ्या दृष्टीने ही नुसती दुधाची गोष्ट राहिली नाही. दुसरा निकष कुणीतरी विचारपूर्वक आणलेला असतो. तो सोडून दिला की ज्याच्यासाठी आणला त्याचंच नुकसान होतं.

एक्सेलमध्ये या दोन बोटांचं काम इंडेक्स आणि मॅच ही फंक्शनं करतात. एक मॅच फॅट कितव्या ओळीत आहे ते सांगतं, दुसरं एसएनएफ कितव्या रकान्यात आहे ते सांगतं आणि इंडेक्स त्या ओळीच्या आणि रकान्याच्या छेदावरचा दर उचलून देतं. सूत्र छोटं आहे. भाऊसाहेबांची बोटं रोज पाहिल्यामुळे मला ते पाठ करावं लागलं नाही. आजही नवीन मुलांना शिकवताना मी आधी छापील तक्ता पुढे ठेवते आणि बोटं ठेवायला लावते. मग सूत्र.

पण कागद आणि तक्ता यांत एक फरक आहे. तो आम्हाला एका नव्या दरपत्रकाने शिकवला. फॅटच्या रकान्यात पहिला आकडा ३.० लिहून खालच्या प्रत्येक घरात ‘वरचा आकडा अधिक ०.१’ असं सूत्र ओढलेलं होतं. पडद्यावर ३.१, ३.२, ३.३ अशी स्वच्छ मालिका. केंद्रावरून आलेल्या ३.५ फॅटच्या दुधाला मात्र जो दर लागत होता तो ३.४चा. कारण असं की संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत साठवतो आणि तिथे ०.१ नेमका मावत नाही. मिळवत मिळवत गेलं की शेवटच्या दशांश स्थळी कणभर फरक साचतो. ३.१ आणि ३.२ जुळतात, ३.३पासून गडबड सुरू होते. तक्त्यातला ३.५ खऱ्या ३.५पेक्षा किंचित मोठा झालेला असतो. मॅचला ‘जवळचा चालेल’ असं सांगितलेलं असेल तर ते दिलेल्या आकड्याहून मोठं नसलेलं सर्वांत मोठं घर निवडतं, म्हणजे ३.४चं. ज्या ३.५वर राज्याचा जाहीर दर उभा, नेमका तोच एक पायरी खाली घसरलेला.

एका पायरीचा फरक समजा तीस पैसे. रोज वीस लिटर घालणाऱ्याचे दिवसाला सहा रुपये, दहा दिवसांच्या बिलात साठ. एका घराला ते कळतही नाही. पण तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांची बेरीज केली तर आकडा लहान राहत नाही. आणि पैसा कुणाचा? पहाटे चारला उठून धारा काढणाऱ्या बाईचा. उपाय साधा निघाला. दरपत्रकातले आकडे राउंड करून कायमचे बसवायचे, शोधायचा आकडाही राउंड करून घ्यायचा आणि जुळणी नेमकी मागायची. नेमकी जुळणी मागितली की आकडा न सापडल्यास तक्ता त्रुटीची खूण दाखवतो. लोक त्या खुणेला घाबरतात, ती झाकायला सूत्रं लिहितात. मला ती खूण आवडते. सापडलं नाही हे ती स्पष्ट सांगते, चुकीचा दर गळ्यात मारत नाही.

‘जवळचा चालेल’ ही सोय वाईट आहे असं मात्र नाही. दर वर्षातून अनेकदा बदलतात. समजा नवं दरपत्रक ११ तारखेपासून लागू झालं. मग १४ तारखेच्या दुधाला कुठलं पत्रक लावायचं? यादीत १४ तारीख नसणारच. तिथे ‘त्या दिवशी किंवा त्याआधी लागू झालेलं शेवटचं’ असंच विचारायला हवं आणि जवळची जुळणी नेमकं तेच करते, फक्त तारखा चढत्या क्रमाने लावलेल्या हव्यात. म्हणजे एकाच दराच्या शोधात फॅट आणि एसएनएफ नेमके जुळायला हवेत आणि तारीख मागची चालते. प्रत्येक निकषाला वेगळा प्रश्न विचारायचा : तू नेमका हवास, की जवळचा चालशील? हे कळलं तेव्हापासून माझी काम करण्याची पद्धतच बदलली. मी सूत्र लिहिण्याआधी कागदावर निकष लिहू लागले आणि प्रत्येकापुढे ‘नेमका’ किंवा ‘मागचा’ असा शब्द.

हीच बाब फॅट मोजणाऱ्या यंत्रांमुळे पुन्हा समोर आली. पूर्वी गर्बर पद्धतीने, गंधकाम्ल आणि अमाइल अल्कोहोल घालून ब्युटिरोमीटरवर फॅट वाचायचे, तेव्हा एक दशांशापर्यंतच आकडा यायचा. विश्लेषक यंत्रं आली आणि ३.५६ असे आकडे येऊ लागले. दरपत्रकात तर ३.५ आहे आणि ३.६ आहे. मधल्याचं काय? खाली ओढायचा, की जवळच्या घराकडे न्यायचा? दोन्ही सूत्रं एका मिनिटात लिहिता येतात, पण कुठलं लिहायचं हे बिल विभागातल्या माणसाने ठरवायचं नसतं. तो दराचा निर्णय आहे, संचालकांनी घ्यायचा आणि उत्पादकांना सांगायचा. आम्ही तो लेखी मागितला. सूत्राच्या आत लपलेला निर्णय उत्पादकाला कधीच दिसत नाही, म्हणून तो नियमात असावा असं मला मनापासून वाटतं.

दोन निकषांची खरी गरज पटली ती मात्र दरामुळे नव्हे, पशुखाद्याच्या कपातीमुळे. प्रत्येक गावच्या केंद्राचं रजिस्टर स्वतंत्र, त्यामुळे उत्पादकांचे कोड प्रत्येक गावात एकपासून सुरू होतात. १७ नंबर या गावातही आहे आणि त्या गावातही. दोन गावांचं दूध एका बल्क कूलरवर येऊ लागलं तेव्हा त्यांच्या कपातीच्या याद्या एकाखाली एक जोडल्या गेल्या आणि कपात शोधायला व्हीलुकअप लावलेलं होतं, फक्त कोडवर. व्हीलुकअपचा स्वभाव असा की ते वरून खाली येतं, पहिला १७ सापडला की तिथेच थांबतं आणि त्याच्या उजवीकडची रक्कम आणून देतं. खाली आणखी एक १७ आहे हे ते पाहतही नाही आणि सांगतही नाही.

बिल निघाल्यावर दुसऱ्या गावचे एक काका आले. ‘ताई, मी या खेपेला पोतंच उचललं नाही आणि माझी कपात झालीय.’ मी पडद्यावर १७ शोधला. कपात होती, पोत्यांची संख्या होती, सगळं नीट दिसत होतं. भाऊसाहेबांनी शेजारून एवढंच विचारलं, ‘कुठल्या केंद्राचा १७ नंबर?’ त्या प्रश्नानंतर काही शोधायचं शिल्लक राहिलं नाही. पहिल्या गावच्या १७ची कपात दोन्ही गावांच्या १७ना लागली होती. त्याच दुपारी दुसऱ्या गावच्याच आणखी एक बाई आल्या, ‘माझी दोन पोती नेलेली आहेत, कपात कमी झालीय, पुढच्या वेळी एकदम कापू नका.’ तक्त्यातला दोष कुणाला बोचतो आणि कुणाला सोडून देतो, हे सांगता येत नाही. पण दोन्हीकडची माणसं खरं सांगायला आली, हेही मी विसरलेले नाही. पैसे परत गेले, राहिलेली कपात हप्त्याने झाली.

त्यानंतर विभागात एक नियम आला. कुठलंही शोधसूत्र लिहिण्याआधी काउंट-इफ्सने मोजायचं : या निकषांना किती ओळी लागतात? नुसत्या कोडवर मोजलं तर दोन. केंद्र आणि कोड मिळून मोजलं तर एक. एक आला तरच पुढे जायचं. एकाहून जास्त आले तर आपला प्रश्न अर्धवट आहे आणि शून्य आलं तर माहितीत काहीतरी अडलेलं आहे. या एका मोजणीने आमच्या जेवढ्या तक्रारी टाळल्या तेवढ्या कुठल्याही अवघड सूत्राने टाळल्या नसतील.

दोन निकषांवर शोधायच्या वाटा अनेक आहेत. सगळ्यांत सोपी म्हणजे एक जादा रकाना घालून त्यात दोन्ही जोडायचे आणि त्या जोडावर शोधायचं. मात्र मध्ये एखादी खूण हवीच. केंद्र १ आणि कोड ११२ नुसते चिकटवले तर १११२ होतात. केंद्र ११ आणि कोड १२ चिकटवले तरी १११२च. मध्ये उभी रेघ घातली की दोघे वेगळे राहतात. दुसरी वाट म्हणजे दोन अटींचा गुणाकार. केंद्र जुळलं का, याचं उत्तर एक किंवा शून्य. कोड जुळला का, याचंही तसंच. दोघांचा गुणाकार एक येतो तीच ओळ आपली आणि मॅचला तो एक शोधायला सांगायचा. जुन्या आवृत्त्यांत हे सूत्र कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबून द्यावं लागतं. ते करायचं राहिलं तर सूत्र चालत नाही, म्हणून केंद्रांवरच्या मुलांना मी जादा रकानाच शिकवला. तो उघड्या डोळ्यांनी तपासता येतो. ज्या सूत्राची तपासणी दुसऱ्याला करता येत नाही, ते कितीही सुबक असलं तरी बिलाच्या कामाचं नाही.

तिसरी वाट सम-इफ्सची. २००७च्या एक्सेलमध्ये हे फंक्शन आलं आणि आकडे आणायचे असतील तर ते फार सोयीचं आहे : केंद्र अमुक, कोड तमुक, लिटर दे. पण ते बेरीज करतं, शोध घेत नाही. एकाच सकाळची नोंद चुकून दोनदा आली असेल तर ते दोन्ही मिळवून देतं. नोंद मुळात आलीच नसेल तर शून्य देतं. आणि बिलात शून्याचे दोन अर्थ होतात. त्या संध्याकाळी गाय आटली म्हणून दूध आलं नाही, हा एक. दूध आलं, पण केंद्राची फाइल आमच्याकडे पोचली नाही, हा दुसरा. पहिल्यात कुणाचं काही जात नाही, दुसऱ्यात एका पाळीचे पैसे जातात. म्हणून सम-इफ्सच्या शेजारी काउंट-इफ्सचा रकाना आम्ही कायम ठेवला. तिथे एक असेल तरच शून्य खरं.

कधी निकष बरोबर असतात, सूत्रही बरोबर असतं आणि तरी जुळत नाही. अशा वेळी दोष बहुधा डोळ्यांना न दिसणारा असतो. यंत्रातून आलेल्या तारखेला वेळ चिकटलेली असते. पडद्यावर फक्त तारीख दिसते, पण एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे पूर्णांक आणि वेळ म्हणजे त्यापुढचा अपूर्णांक. सकाळी सहाची नोंद त्या दिवसाच्या आकड्याहून पाव दिवसाने मोठी असते आणि नेमक्या जुळणीत ती बाद होते. कोड कधी अंक म्हणून साठवलेला असतो, कधी मजकूर म्हणून. नावाच्या शेवटी एक रिकामी जागा राहिलेली असते. मराठी नावांची तर आणखी एक अडचण. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली यादी आणि युनिकोडमधली यादी छापल्यावर सारखी दिसते, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. युनिकोडमध्येसुद्धा ‘ॲ’ हे अक्षर दोन रीतींनी उमटवता येतं. शिवाय एका गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे, कधी तर वडिलांचंही नाव सारखं असलेले दोन उत्पादक सहज भेटतात. म्हणून नाव वाचायला ठेवावं, शोधायला केंद्र आणि कोड वापरावेत.

व्हीलुकअप एक्सेलच्या १९८५च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. २०१९मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सलुकअप आणलं. ते सांगितल्याशिवाय नेमकीच जुळणी करतं, डावीकडचंही शोधतं, दोन निकष त्यात सुटसुटीत बसतात. ज्यांच्याकडे नवी आवृत्ती आहे त्यांनी ते जरूर वापरावं. व्हीलुकअपमध्ये शेवटचा भाग लिहायचा राहिला की ते ‘जवळचा चालेल’ असं गृहीत धरतं आणि कित्येक बिलं त्या एका राहून गेलेल्या शब्दापायी बिघडतात. पण नवं फंक्शनही पहिल्या सापडलेल्या १७वरच थांबतं. गावं दोन आहेत हे त्याला आपणच सांगायचं असतं.

म्हणून विभागात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की आम्ही त्यांना आधी संकलन केंद्रावर पाठवायला लागलो. सकाळच्या पाळीला तिथे उभं राहायचं. एकाच घरातल्या सासू-सुना वेगवेगळ्या कोडवर दूध घालतात, गाय आणि म्हैस असलेल्या घराच्या दोन पावत्या निघतात, एखादा उत्पादक लग्नाच्या घरी गेलेला असतो आणि त्याचं दूध भावकीतला माणूस आणतो, हे सगळं तिथे दिसतं. मग टेबलाशी येऊन त्यांनी कागदावर लिहायचं : बिलातली एक ओळ एकमेव कशामुळे होते? केंद्र, कोड, तारीख, पाळी, गाय की म्हैस. हा कागद नीट लिहिला गेला की सूत्र कुठलंही असो, चालतं. तो लिहिला नसेल तर सगळ्यांत नवं सूत्रसुद्धा कुणाच्या तरी पोत्यांचे पैसे भलत्याच घरातून कापतं. सूत्र कुणालाही विचारून मिळेल. कागदावरचे ते पाच शब्द मात्र काम जवळून पाहिलेल्या माणसालाच लिहिता येतात आणि दुधाचा पैसा बरोबर घरी पोचतो तो त्यांच्या जोरावर.